तानसाच्या रानात शिकारी पक्ष्यांच्या भेटीला

अभयारण्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाघ, बिबळ्या किंवा निदान एखादे सांबर उभे राहते. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात मात्र असे एक अभयारण्य आहे की, ज्याचे नाव अलीकडच्या काळात पक्षिशास्त्रज्ञांच्या तोंडी झाले ते एका वीतभर उंचीच्या पक्ष्यामुळे. ते अभयारण्य म्हणजे तानसा आणि तो पक्षी म्हणजे रानपिंगळा. शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांना जोडणाऱ्या रस्त्यावरील आमच्या किन्हवलीपासून तानसा काही फार दूर नाही. तरीही ज्या तलावाचे पाणी शंभरांहून अधिक वर्षे मुंबई पीत आली आहे, तो तलाव स्वतः पाहिलेला नाही अशी माणसे आमच्या परिसरात पुष्कळ भेटतील. आमचे कुटुंबही कालपरवापर्यंत त्यांतच मोडत होते.

गेल्या मार्गशीर्षात भाताची झोडणी आटोपल्यावर आम्ही सहकुटुंब तानसाला जावयाचे ठरविले. पत्नी, सातवीत शिकणारी मुलगी, चौथीतला मुलगा आणि ऐंशी वर्षांचे माझे वडील, ज्यांना सारे घर आबा म्हणते, असा पाच जणांचा हा परिवार होता. निमित्त घडले ते शाळेतील पक्षिनिरीक्षणाच्या एका तक्त्याचे. त्यातील शिकारी पक्ष्यांचा रकाना मुलांना भरता आला नाही आणि खरे सांगावयाचे तर त्यांच्या शिक्षकालाही तो पुरता भरता आला नाही.

तलावामुळे राखले गेलेले रान

मुंबई शहराला पाणी पुरविण्यासाठी प्रथम १८६० मध्ये विहार, त्यानंतर १८७९ मध्ये तुळशी हे तलाव बांधण्यात आले. वाढत्या वस्तीला तेही अपुरे पडू लागल्यावर तानसा नदीवर धरण घालण्यात आले व १८९२ मध्ये ते पूर्ण झाले. पुढे १९५७ मध्ये वैतरणा नदीवरील मोडकसागर तयार झाला. या तलावांत गाळ साचू नये व पाणी निर्मळ राहावे यासाठी त्यांच्या पाणलोटातील जंगल राखणे आवश्यक होते. अभयारण्याची घोषणा १९७० मध्ये झाली; परंतु रान टिकले त्याचे पहिले श्रेय या पाण्याला द्यावे लागेल. आज शहापूर, वाडा व मोखाडा या तालुक्यांत मिळून तीनशेहून अधिक चौरस किलोमीटर क्षेत्रावर हे अभयारण्य पसरले आहे. त्यांपैकी वाडा व मोखाडा हे तालुके १ ऑगस्ट २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यात गेले. शहाजीराजांनी १६३६ मध्ये ज्याचा अखेरचा आश्रय घेतला तो माहुलीचा किल्लाही याच रानाच्या कुशीत आहे. साग, ऐन, कळंब, हेद, मोह आणि बांबू ही येथील मुख्य झाडे होत. पाड्यापाड्यांतून वारली, कातकरी, ठाकूर व महादेव कोळी बांधवांची वस्ती आहे.

मुंबई-नाशिक महामार्गावरील आटगावहून तानसाकडे वळलो तेव्हा उन्हे नुकतीच चढू लागली होती. शिकारी पक्षी पाहावयाचे तर फार पहाटे निघण्याचे कारण नसते, हे आम्हांस आमच्याबरोबर आलेल्या वनरक्षकाने सांगितले. त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जमीन तापली की तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढू लागते. गरुड, घारी, गिधाडे यांसारखे रुंद पंखांचे पक्षी या वर चढणाऱ्या हवेवर पंख पसरून केवळ तरंगत राहतात आणि पंखांची फडफड न करता शेकडो मीटर उंची गाठतात. म्हणून सकाळी नऊ ते अकरा ही त्यांना आकाशात पाहण्याची चांगली वेळ होय. शिक्रा व घुबडे यांची गोष्ट वेगळी. त्यांना झाडांत शोधावे लागते.

पहिल्या तासाभरातच आमच्या माथ्यावर तीन स्वरांची लांबलचक शीळ ऐकू आली. वनरक्षक म्हणाला, "गुरुजी, हा सर्पगरुड. पंखांच्या कडेला पांढरा पट्टा दिसतो का बघा." पट्टा स्पष्ट दिसला. नावाप्रमाणेच साप हे याचे मुख्य अन्न. तलावाच्या काठाने ब्राह्मणी घार फिरत होती. तांबूस अंग आणि पांढरे डोके यांमुळे ती लहान मुलालाही ओळखता येते. मधुबाज हा मधमाश्यांची व गांधीलमाश्यांची पोळी फोडून त्यांतील अळ्या खाणारा पक्षी आम्हांस पाठमोराच दिसला. कापशी घार मात्र रानात नव्हे, तर येताना वाटेतील भातखाचरावर दिसली होती. एका जागी पंख फडफडवीत, हवेत जणू खिळून राहून ती खालच्या उंदरावर नेम धरते. हे दृश्य किन्हवलीच्या शिवारातही रोज घडत असले पाहिजे. आमची मान कधी वर गेली नाही, एवढेच.

एका चोरीची आणि एका पुनर्शोधाची हकीकत

रानपिंगळ्याची कथा एखाद्या रहस्यकथेत शोभावी अशी आहे. १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट या अधिकाऱ्याला आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात एक वेगळाच पिंगळा मिळाला. पुढल्याच वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले व त्याला ब्लेविटचे नाव दिले. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेशी ज्यांचे नाव निगडित आहे तेच हे ह्यूम. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात याचे काही नमुने गोळा केले. त्यांतील शेवटचा १८८४ सालचा. जगातील सर्व संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे अवघे सात नमुने होते. १८८४ नंतर तो कोणाच्या दृष्टीस पडला नाही.

अपवाद होता तो एका नोंदीचा. कर्नल रिचर्ड माइनर्टझहागन या नामांकित इंग्रज पक्षितज्ज्ञाने १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे आपल्याला हा पक्षी मिळाल्याचे नमूद केले होते व त्याचा नमुनाही दाखविला होता. वास्तविक तो नमुना डेव्हिडसननेच जमविलेला होता. माइनर्टझहागनने तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरून नेला, त्याची भरणी बदलली आणि त्याला खोटी चिठ्ठी बांधली! ही लबाडी अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन व इंग्रज तज्ज्ञ नायजेल कॉलर यांनी उघडकीस आणली. खोट्या चिठ्ठीवर विसंबून ज्यांनी शोध घेतला त्यांना तो मिळणार तरी कसा? ती चिठ्ठी बाजूला ठेवून, जुन्या खऱ्या नमुन्यांवरील ठिकाणे धरून रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट हे तिघे फिरत राहिले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, पानगळ झालेल्या झाडावर दिवसाढवळ्या बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. मधे ११३ वर्षे गेली होती. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. आज ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. पुढे मेळघाट व सातपुड्याच्या इतर भागांतही हा पक्षी असल्याचे आढळले.

तरीसुद्धा सातपुड्यापासून इतक्या दक्षिणेस, मुंबईच्या उंबरठ्यावर तो असेल असे कोणास वाटले नव्हते. ऑक्टोबर २०१४ मध्ये सुनील लाड व रोहिदास डगळे यांना तानसा अभयारण्यात रानपिंगळा आढळला. उत्तर सह्याद्रीतील त्याचे अस्तित्व त्यामुळे प्रथमच सिद्ध झाले. जागतिक पातळीवर आधी 'अतिसंकटग्रस्त' मानला गेलेला हा पक्षी २०१८ पासून 'संकटग्रस्त' या गटात आहे. भारतीय वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश असून, त्याला पकडणे वा मारणे हा गंभीर गुन्हा होय.

ही हकीकत मी मुलांना आदल्या रात्री सांगितली होती. त्याचा परिणाम असा झाला की, सागाच्या एका वठलेल्या खोडाच्या ढोलीत दोन पिवळे डोळे दिसताच चिरंजीव ओरडले, "बाबा, रानपिंगळा!" दुर्बीण लावून मीही होकार भरला. वनरक्षक शांतपणे म्हणाला, "गुरुजी, डोकं बघा. डोक्यावर पांढरे ठिपके आहेत ना? हा आपला गावातला पिंगळा. रानपिंगळ्याचं डोकं कोरं असतं, ठिपका जवळजवळ नसतोच. शेपटीवर पांढरे पट्टे मात्र ठळक. आणि तो असा ढोलीत लपत नाही, दिवसा उघड्या फांदीवर बसतो, शेपटी हलवत." शिक्षकाने विद्यार्थ्यांदेखत शिकावयाचे असते ते असे. रानपिंगळा त्या दिवशी आम्हांस दिसला नाही. वनरक्षक म्हणाला, वर्षभर रानात राहून त्यालाही तो मोजक्याच वेळा दिसला आहे.

पिंगळ्याविषयी आपल्याकडे समजुती अनेक. पहाटे दारात येऊन भविष्य सांगणारा पिंगळा आबांना चांगला आठवतो. पाखराची भाषा त्याला कळते असे लोक मानीत आणि त्याला पसाभर तांदूळ घालीत. या समजुतीने पक्ष्याचे काही वाईट झाले नाही. घुबडाच्या अंगात धन शोधण्याची विद्या असते ही समजूत मात्र त्याच्या जिवावर उठते. दिवाळीच्या सुमारास अघोरी विधींसाठी घुबडांचा चोरटा व्यापार होतो, हे पोलीस व वन खात्याला ठाऊक आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर कोठाराभोवती फिरणारे गव्हाणी घुबड हे बिनपगारी राखणदार आहे. त्याचे अन्न मुख्यतः उंदीर.

आबांचा प्रश्न

दुपारी तलावाच्या बाजूस भाकरी सोडली. आबा बराच वेळ आकाशाकडे पाहत होते. मग त्यांनी विचारले, "सगळं बघितलं, पण गिधाडं कुठं दिसली नाहीत. एवढ्या मोठ्या रानात एकही नाही?"

मुलांनी गिधाड फक्त पुस्तकात पाहिलेले. आबांच्या आठवणीत मात्र गावाबाहेर मेलेली गुरे टाकण्याची जागा होती, तेथील सावरीच्या झाडावर पंधरा-वीस गिधाडे बसलेली असत आणि टाकलेल्या बैलाचा तासाभरात सांगाडा होई. जुन्या पिढीतील प्रत्येक खेडुताची हीच आठवण आहे. मेलेले जनावर हे शिकारी पक्ष्यांच्या या शाखेचे अन्न. गिधाड शिकार करीत नाही. त्याच्या जठरातील तीव्र आम्लात रोगजंतूंचा बहुतेक नाश होतो, त्यामुळे सडके मांस खाऊनही ते आजारी पडत नाही आणि रोग पुढे पसरत नाही.

१९९० नंतरच्या दशकात ही गिधाडे मरू लागली. राजस्थानातील भरतपूर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी ही घट प्रथम नोंदविली. काही वर्षे कारण सापडेना. एखादा विषाणू असावा असाही तर्क झाला. २००४ मध्ये पाकिस्तानात लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून उलगडा झाला. गुरांना वेदना व सूज यांवर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्याच्या मुळाशी होते. हे औषध टोचल्यानंतर थोड्याच दिवसांत जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, आतड्यांवर व यकृतावर युरिक आम्लाचा पांढरा थर साचतो आणि पक्षी मरतो. एका जनावरावर डझनावारी गिधाडे एकाच वेळी बसत असल्याने शंभरांत एखाद्याहूनही कमी जनावरे औषधयुक्त असली तरी सारी जात संपण्यास ती पुरेशी ठरतात. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारांमागे एक उरले असा याचा अर्थ. गिधाड वर्षातून एकच अंडे घालते व वयात येण्यास सुमारे पाच वर्षे घेते. त्यामुळे ही हानी लवकर भरून येणारी नाही.

मी हे सांगत असता आबा मधेच म्हणाले, "आपल्या तांब्याला मरायच्या आधी सुया दिल्या होत्या. कसल्या होत्या रे?" ते १९९७ किंवा ९८ साल असावे. पाय सुजून बैल उठेना, म्हणून दोन दिवस सुया दिल्या गेल्या. तिसऱ्या दिवशी तो गेला आणि आम्हीच त्याला गाडीवर घालून त्या जागेवर टाकून आलो. सुई कोणत्या औषधाची होती हे आज कोणी सांगू शकणार नाही. दुखण्यावरचे औषध त्या काळी गावोगाव सर्रास वापरले जाई आणि देणाऱ्याचा हेतू जनावराला आराम मिळावा एवढाच असे. आबांना मी तसे सांगितले. ते काही बोलले नाहीत.

गिधाडे गेल्याने काय झाले, याचा हिशेब आता आकड्यांत मांडला गेला आहे. कुजणारी जनावरे पाण्याजवळ पडून राहू लागली, भटकी कुत्री वाढली, त्यांच्याबरोबर पिसाळलेल्या कुत्र्यांच्या चाव्याचा धोकाही वाढला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे, पूर्वी गिधाडे असलेल्या जिल्ह्यांत २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसे अधिक दगावली. रानातल्या पक्ष्याचा प्रश्न म्हणून ज्याकडे पाहिले गेले तो प्रश्न असा सार्वजनिक आरोग्याचा निघाला.

अभयारण्याच्या सीमेबाहेर

शासनाने गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना वापरल्या जात असल्याचे दिसून आल्यावर २०१५ मध्ये कुपीचा आकार ३ मिलिलिटरपुरता मर्यादित करण्यात आला. केटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक ही तशीच घातक औषधे २०२३ मध्ये गुरांसाठी बंद झाली आणि त्यानंतर निमेसुलाइडवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना अपाय करीत नाही आणि जनावरालाही त्याचा गुण येतो. म्हणजे शेतकऱ्याने जनावराला वेदनेत ठेवावे असे कोणी म्हणत नाही. सुई देणाऱ्याला औषधाचे नाव विचारावे, एवढेच म्हणणे आहे.

हरियाणातील पिंजोर येथील केंद्रात पैदास केलेल्या गिधाडांपैकी दहा लांब चोचीची गिधाडे पेंच येथे व दहा पांढऱ्या पाठीची गिधाडे ताडोबा येथे जानेवारी २०२४ मध्ये आणण्यात आली. त्यांतील काही पुढे दगावली. पिंजऱ्यातून सोडलेले गिधाड दिवसात शेकडो किलोमीटर जाऊ शकते. ते कोणत्या गावातील कोणत्या जनावरावर उतरेल हे अभयारण्याचा अधिकारी ठरवू शकत नाही. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे मात्र गावकऱ्यांच्या साहाय्याने गिधाडांची वसाहत टिकून राहिली, ती गावातील मोठी झाडे राखल्यामुळे आणि औषधमुक्त मेलेली जनावरे त्यांच्यासाठी ठेवल्यामुळे.

आपल्या भागापुरते बोलावयाचे तर राबासाठी होणाऱ्या फांदीतोडीचा विचार करावा लागेल. राब भाजल्याशिवाय रोप तरारत नाही ही शेतकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे आणि डोंगरउताराच्या खाचरात तिला आधारही आहे. परंतु ढोली असलेले जुने झाड आणि सहज मिळणारी कोवळी फांदी यांत फरक करता येण्यासारखा आहे. माघ-फाल्गुनातील वणवे ही दुसरी गोष्ट. पिंगळ्यांची अंडी-पिल्ले ढोलीत असण्याचा काळ साधारण तोच. उंदरांसाठी शेतात टाकलेले विष उंदरावाटे घुबडाच्या पोटात जाऊ शकते, ही तिसरी.

जैवविविधता अधिनियम २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. बऱ्याच ठिकाणी ही नोंदवही एकदा भरून कपाटात जाते. तिच्यात ढोलीची झाडे, घारीची घरटी, मेलेली गुरे टाकण्याची जागा आणि गावात वापरली जाणारी गुरांची औषधे यांची नोंद झाली, तर ती ग्रामसभेत उपयोगी पडेल. आबांसारख्या वृद्धांच्या आठवणी लिहून घेण्याचे काम शाळेतील मुले आनंदाने करतील. पूर्वी कोणत्या झाडावर किती गिधाडे बसत, हे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. पानगळ सुरू झाल्याने झाडांवरचे पक्षी दिसतात आणि थंडीत पाहुणे म्हणून आलेले भोवत्या जातीचे पक्षी माळावर व खाचरांवर फिरत असतात. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरील आसनगाव, आटगाव व खर्डी ही स्थानके जवळची. प्रवेश व परवानगीची चौकशी वन विभागाच्या कार्यालयात आधीच करून घ्यावी. धरण हे पाणीपुरवठ्याचे असल्याने तेथील मज्जावही पाळावा लागतो. लहान मुले बरोबर असल्यास एक साधी दुर्बीण आणि पाण्याच्या बाटल्या पुरेत. भडक कपडे टाळावेत. रानपिंगळा दिसावा म्हणून त्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजविण्याची सवय अलीकडे काही हौशी मंडळींना लागली आहे. त्यामुळे पक्षी घरटे सोडून आवाजामागे धावतो. हे करू नये आणि कोणी करीत असल्यास वनरक्षकास सांगावे.

शाळेच्या तक्त्यातील शिकारी पक्ष्यांच्या रकान्यात आता सहा नावे आली आहेत. येत्या हिवाळ्यात वर्गाची सहल न्यावयाचे ठरत असून माहुलीच्या कड्यांकडे एक दिवस काढण्याचा विचार आहे, कारण लांब चोचीचे गिधाड झाडापेक्षा अशा कड्यांच्या कपारी पसंत करते. त्या सहलीत आपल्यालाही घ्यावे, असे आबांनी आताच सांगून ठेवले आहे.